तांदळाएवढे गळ आणि सासरेबुवा

सासरेबुवा "काहीही चालेल" म्हणाले आणि माझी झोप उडाली.

आमच्या भागातला माणूस काहीही चालेल म्हणाला की समजून जायचं. त्याच्या मनात एकच गोष्ट आहे, ती पक्की ठरलेली आहे, आणि तुम्ही ती ओळखली नाहीत तर तो एक अक्षर बोलणार नाही. फक्त पुढची वीस वर्षं लक्षात ठेवील. मार्लिसने, म्हणजे माझ्या बायकोने, बैठकीच्या खोलीतल्या पडद्यांबद्दल एकदा काहीही चालेल म्हटलं होतं. ते पडदे मी तीन वेळा परत केले. दुकानदार हल्ली मला पाहिलं की मागच्या खोलीत काहीतरी शोधायला जातो.

पण पडदे म्हणजे पडदे. इथे प्रश्न गळांचा होता.

झालं असं, की ऑर्व्हल टोलेफसन, म्हणजे माझे सासरे, वय एकोणऐंशी, ऑक्टोबरपासून आमच्या घरातल्या खिडकीपाशी बसून होते. ऑक्टोबरात त्यांचा मित्र हार्लन गेला. या दोघांनी एक्केचाळीस हिवाळे स्टम्प लेक तळ्याच्या बर्फावर, ट्रकने ओढत न्यायच्या एकाच लाकडी खोपटात, दोन उलट्या बादल्यांवर समोरासमोर बसून मासे धरत काढले होते. एवढ्या वर्षांत दोघं मिळून जेवढं बोलले असतील तेवढं मार्लिस एका फोनवर बोलते, पण ती गोष्ट वेगळी. हार्लन गेला आणि सासरेबुवांनी अंगणात उभ्या असलेल्या खोपटावर "विकणे आहे" अशी पाटी ठोकली. जानेवारी आला, तळ्यावर हातभर बर्फ धरला, निम्मं गाव तिथे मुक्कामाला गेल्यासारखं गेलं, आणि सासरेबुवा खिडकीतून ती पाटी बघत बसले. जेवणही कमी झालं होतं. शहरातला कोणी दंतवैद्य पुढच्या रविवारी खोपटं बघायला येणार होता.

"खोपटं गेलं ना कर्टिस, की बाबा त्या खुर्चीतनं उठायचे नाहीत," मार्लिस भांडी विसळताना म्हणाली. नळ चालू ठेवून ती रडत होती, म्हणजे बाहेर ऐकू जाऊ नये. "शनिवारी तू त्यांना तळ्यावर घेऊन जायचंस."

"मी?"

"मग काय मी नवरा दुसरा आणू?"

माझ्या "मी?"मागे बावीस वर्षांचा इतिहास होता. लग्न झालं त्या हिवाळ्यात सासरेबुवांनी मला एकदाच बर्फावर नेलं होतं. बर्फ फोडायची पहार माझ्या हातात दिली. ती त्यांच्या वडिलांची. पहारेला दोरीचा फास असतो, तो मनगटात अडकवायचा असतो, हे आमच्याकडे तीन वर्षांच्या पोरालाही कळतं. मी पुस्तकं वाचलेला माणूस. चौथ्या घावाला बर्फ फुटला आणि पहार माझ्या हातातून निघून सरळ तळाला गेली. सासरेबुवा त्या भोकाकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "असू दे." त्यानंतर मला कधी बोलावणं आलं नाही. मीही त्यांना तेव्हापासून कुठल्याच नावाने हाक मारलेली नाही. ऑर्व्हल म्हणावं तर आगाऊपणा, बाबा म्हणावं तर पहार आठवते. मी नुसता खाकरतो.

तेव्हा रविवारच्या जेवणात मी खाकरलो आणि विचारलं, "शनिवारी तळ्यावर जायचं का?"

"नको रे, तुला कशाला त्रास," सासरेबुवा म्हणाले.

ही पहिली वेळ झाली. पहिल्या वेळेला हो म्हणणं आमच्यात हावरटपणा समजतात. बाहेरगावाहून आलेल्या नव्या पाद्रीबाईंनी एकदा पहिल्याच विचारण्याला कॉफी घेतली, ते अजून चवीने सांगितलं जातं. मी बटाटे पुढे केले आणि पुन्हा विचारलं. "बर्फ काही खास नाही म्हणतात यंदा," ते म्हणाले. दुसरी वेळ झाली. मी ॲपल पाय कापला, वाढला, हवेबद्दल बोललो आणि तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा नको आलं तर ते खरं नको असतं.

सासरेबुवांनी काटा खाली ठेवला. "बरं. तू म्हणतोसच तर. जिग आणि रबराच्या अळ्या तू आण."

"कुठल्या आणू?"

"काहीही चालेल."

मार्लिसने टेबलाखालून माझा हात दाबला. तिला वाटलं, आपण जिंकलो.

आता जिग म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. बर्फाखाली आम्ही जे मासे धरतो, ब्लूगिल आणि क्रॅपी, ते तळहाताएवढे असतात, अख्खे तव्यावर मावतात, आणि तोंड असतं शर्टाच्या गुंडीएवढं. म्हणून त्यांचा गळही तांदळाएवढा. त्याच्या डोक्याला धातूचा रंगीत मणी असतो, तो जिग. त्याच्या आकड्यात रबराची मऊ अळी खोवायची, शेपटीसारखी वळवळणारी. एवढंच. मासा थंडीत सुस्त असतो, तोंड उघडायचाही त्याला कंटाळा, त्यामुळे रंग, वजन, शेपटी यांतलं एक जरी त्याच्या मनासारखं नसलं तर तो नुसता बघतो आणि निघून जातो. ग्रंथालयात अठरा वर्षं नोकरी केल्यामुळे असं गिऱ्हाईक मला नवीन नव्हतं.

तुम्ही म्हणाल, सासरेबुवांनाच स्पष्ट का नाही विचारलंस? आमच्या गावात माणसाला पगार विचारता येतो. घटस्फोट का झाला हेही विचारता येतं, जरा आडून. पण मासे कशावर लागतात हे विचारता येत नाही. कोणी जवळ येताना दिसलं की भले भले लोक गळ मुठीत लपवतात. आणि सासरेबुवांचा स्वतःचा गळांचा डबा म्हणाल तर तो नव्हता. दोघांत मिळून एकच डबा होता, हार्लनचा, आणि तो सासरेबुवांनी स्वतःच्या हाताने हार्लनच्या शवपेटीत ठेवला होता. मी तिथे होतो. पाद्रीबाईंनी तेवढ्यापुरतं छताकडे पाहिलं. गावात सगळ्यांत जास्त मासे धरणाऱ्या दोघांचं एक्केचाळीस वर्षांचं गुपित जमिनीत गेलं म्हणून त्या दिवशी काही माणसं जरा जास्तच रडली, असं मला वाटतं.

सोमवारी मी वर्नाच्या दुकानात गेलो. वर्ना आमच्याकडे गळ, अळ्या, पेट्रोल आणि अंड्याची सँडविचं विकते. दुकानाची एक अख्खी भिंत जमिनीपासून छतापर्यंत जिगांनी भरलेली आहे. मी तिच्यापुढे उभा राहिलो आणि मला घाम फुटला.

"कुणासाठी?" वर्नाने विचारलं.

"माझ्यासाठी."

"तू? पहार बुडवलीस तो तूच ना?"

दुकानात दोन माणसं कॉफी पीत होती. त्यांनी आदराने मान खाली घातली.

"मला एक साधा जिग दे," मी म्हणालो, शक्य तेवढ्या ताठ मानेने.

"साधा म्हणजे कितवा? चार नंबर मोठा, चौदा नंबर बारीक."

"चौदा बारीक कसा?"

"जितका आकडा मोठा तितका गळ लहान. शिशाचा देऊ का टंगस्टनचा? टंगस्टन जड, पटकन खाली जातो. शिसं सावकाश जातं."

"माशांना काय आवडतं?"

"ते माशावर आहे."

"निदान रंग तरी सांग. लोक काय नेतात?"

वर्नाने इकडेतिकडे पाहिलं आणि काउंटरवरून पुढे वाकली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मोटारीच्या जुन्या तेलाचा असतो ना, तो रंग. कुणाला सांगू नकोस."

मी तो घेतला. मग वाटलं, सासरेबुवांच्या मनात शिसं असलं तर? म्हणून शिशाचाही घेतला. बारा नंबरही घेतला, कारण चौदा फार टोकाचा वाटला. त्या दिवशी मी एकवीस जिग आणि पाच पाकिटं अळ्या घेऊन बाहेर पडलो, आणि खात्री एकाचीही नव्हती.

मंगळवारी मासेमारीचा परवाना. काउंटीच्या सरकारी कचेरीतल्या खिडकीवरच्या बाई मला लहानपणापासून ओळखतात. त्यांच्याकडे ग्रंथालयाचं एक पुस्तक आहे, सोळा महिने आहे, आणि मी त्याबद्दल कधी चकार शब्द काढलेला नाही.

"तू या राज्याचा रहिवासी नाहीस," बाई संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाल्या.

"बाई, मी इथेच जन्मलोय. तुम्ही माझ्या बाप्तिस्म्याला आला होतात."

"मला माहितीये रे राजा. केक छान होता. पण यंत्राला माहीत नाही. तुमच्या रस्त्याचा नंबर बदलला, तुझा पत्ता जुनाच राहिलाय. विजेचं बिल आण."

विजेचं बिल मार्लिसच्या नावावर निघालं. मग मी मार्लिसचा नवरा आहे याचा पुरावा पाहिजे झाला. लग्नाचा दाखला घरी सापडेना, तेव्हा चर्चच्या वहीतला उतारा आणायला मी पाद्रीबाईंकडे गेलो. बावीस वर्षं संसार केलेल्या माणसाला भर दुपारी, उणे पंधरा अंश थंडीत, आपलं लग्न झालेलं आहे हे सिद्ध करत गावभर फिरावं लागतं तेव्हा त्याला काय वाटतं, ते मी सांगत बसत नाही. पाद्रीबाईंनी उतारा दिला, सही केली, आणि कशासाठी म्हणून विचारलं. मी सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"गुलाबी," त्या म्हणाल्या. "दोन शेपट्यांची अळी. लसणाचा वास असलेली. हे आपल्यात राहू दे, कर्टिस."

बुधवारपर्यंत बातमी फुटली. कर्टिस ऑर्व्हलला घेऊन जातोय, आणि गळ कर्टिस आणतोय. ग्रंथालयात एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती. एकेक जण यायचा, कुठलंही पुस्तक काउंटरवर ठेवायचा आणि कुजबुजायचा. कुजबुजणं हा ग्रंथालयाचा नियमच असल्यामुळे कोणाला संशय आला नाही. पांढरा, अंधारात चमकणारा. जांभळा, पण दुपारनंतरच. लाल डोक्याचा, आणि अळीची शेपूट दातांनी तोडायची. प्रत्येक जण शेवटी म्हणायचा की कुणाला सांगू नकोस, आणि जाताना डोळ्यांत पाणी आणून म्हणायचा की ऑर्व्हलला उठव बाबा तेवढा. मग मला उठून वर्नाकडे जावं लागायचं.

माझा शेजारी ड्वेन क्रुझेल मात्र कुजबुजला नाही. ड्वेनला कुजबुजता येत नाही.

"गुलाबीच!" तो कुंपणावरून ओरडला. "आणि हे बघ, रबर थंडीत कडक होतं. कडक अळीला मासा हुंगतसुद्धा नाही. ऊबेत ठेव! शनिवारी खोपटं मी ओढून देतो माझ्या ट्रकने. ऑर्व्हल कशावर धरतो ते एकदा बघायचंय मला. मरायच्या आत बघायचंय!"

गुरुवारी संध्याकाळी मी जेवणाचं टेबल रिकामं केलं. मोजले नाहीत, पण जिग मुठीत मावत नव्हते आणि अळ्या कोशिंबिरीच्या भांड्यात मावत नव्हत्या. माणूस घाबरला की आपल्याला जे येतं ते करतो. मी वर्गीकरण केलं. शिवणाच्या दुकानातून एक पारदर्शक, छत्तीस कप्प्यांचा प्लॅस्टिकचा डबा आणला. आधी धातूप्रमाणे, मग नंबराप्रमाणे, मग रंगाप्रमाणे, प्रत्येक कप्प्यात जिग आणि त्याला शोभणाऱ्या अळ्या, आणि वर बारीक अक्षरातली चिठ्ठी. सासरेबुवांच्या मनात जे काही असेल ते या छत्तीस कप्प्यांत कुठेतरी असणारच होतं. त्यांनी नुसतं बोट दाखवायचं. मार्लिस येऊन बघून गेली आणि म्हणाली, "किती सुंदर दिसतंय रे." मग मी ड्वेनचं ऐकून डबा, घर तापवणारी गरम हवा जिथून येते त्या जमिनीतल्या जाळीवर ठेवला, आणि त्यावर एक टॉवेल घातला.

शुक्रवारी मी तो उघडला नाही. सगळा अभ्यास झाला आहे अशा विद्यार्थ्यासारखा मी दिवसभर शांत होतो. आठवड्यातला तेवढा एकच दिवस.

शनिवारी सकाळी सात वाजता टॉवेल काढला. डब्याला कप्पे नव्हते.

रबर-रबरात जाती असतात, आणि काही जाती एकत्र आल्या की एकमेकांना विरघळवतात, आणि डब्यालाही, हे वर्ना मला बोलली नव्हती. तिला वाटलं असणार, एवढं तर कळत असेल. गुलाबी, पांढरा, जांभळा, तेलाचा रंग, सगळ्यांचा मिळून नारळाएवढा एकच लोंदा झाला होता. त्याला चित्रकलेच्या तासानंतर वाटीत उरलेल्या पाण्याचा रंग आला होता. लसूण, बडीशेप आणि चेरीचा वास येत होता. आत ठिकठिकाणी जिग रुतले होते, आणि वर एक चिठ्ठी चिकटलेली होती: "टंगस्टन, १४, फिका गुलाबी."

मी वर्नाला फोन केला. दुकान बंद होतं. तिच्या बहिणीचा गुडघा बदलत होते, ती डुलुथला गेली होती. बाहेर ड्वेनच्या ट्रकचा भोंगा वाजला. खोपटं दोरखंडाला बांधून झालं होतं आणि सासरेबुवा अंगणात उभे होते. टोपी घालून, मफलर गुंडाळून, स्वतःच्या पायांवर उभे होते. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा. मार्लिस दारात होती आणि तिचा चेहरा असा काही फुलला होता की मी लोंद्याचं झाकण लावलं, डबा कोटाखाली घेतला आणि बाहेर पडलो. सांगायचं कोणाला?

बर्फावर गाडी घालताना आम्ही पट्टे सोडतो आणि काचा खाली करतो, म्हणजे वेळ आलीच तर बाहेर पडता यावं. उणे अठरातला वारा आत येत होता आणि मला घाम येत होता.  मी मनात वाक्यं जुळवत होतो. "एक छोटीशी अडचण झालीय." नको. "तुमचं काय मत आहे, मिश्र रंगांबद्दल?" तेही नको. सगळ्यात मला भीती होती ती त्या दोन शब्दांची. ते पुन्हा "असू दे" म्हणतील, घरी चला म्हणतील, खुर्चीत बसतील, आणि उद्या दंतवैद्य येईल. एकदा पहार, एकदा हे. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्या हातात दिलेल्या दोनच गोष्टी.

ड्वेनने खोपटं नेहमीच्या जागी सोडलं आणि शंभर पावलांवर आपलं बस्तान मांडलं, तोंड आमच्या दाराकडे करून. वाटेत वाऱ्याने पाटी खडखडत होती म्हणून सासरेबुवांनी ती उपटून आत टाकली होती. आत शेगडी, दोन काठ्या, दोन बादल्या. गिरमिटाने भोकं पाडली. कडेचा बर्फ तासायला त्यांनी नवी पहार काढली, माझ्याकडे पाहिलं, आणि न बोलता तिच्या दोरीचा फास माझ्या मनगटात घालून दोन गाठी मारल्या. मग तिसरी मारली. मी लहान मुलासारखा हात पुढे करून उभा होतो. मला लाज वाटली, पण फास माझ्याच मनगटात घातला होता, हेही मला कळत होतं.

ते आपल्या बादलीवर बसले. समोरची बादली हार्लनची होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी शेगडीपाशी उभा राहिलो.

"दे," ते म्हणाले आणि हात पुढे केला.

मी डबा दिला. त्यांनी झाकण उघडलं. शेगडीची फुरफुर ऐकू येत होती. त्यांनी लोंदा बाहेर काढला, उलटापालटा केला, नाकाशी नेला.

"हे काय आहे?"

मग माझा बांध फुटला. मी वर्नापासून सुरुवात केली. चौदा नंबर, शिसं, विजेचं बिल, लग्नाचा उतारा, पाद्रीबाई, गावातली सगळी गुपितं, जी मी कोणालाही न सांगायचं कबूल केलं होतं, ती एका दमात ओकलो. छत्तीस कप्पे सांगितले. गरम जाळी सांगितली. "तुमच्या मनात नेमका कुठला होता ते मला कळेना, म्हणून मी सगळेच घेतले," मी म्हणालो, आणि माझा आवाज चिरकला. "पहारेचंही मला अजून वाईट वाटतं. रोज नाही. पण बऱ्याचदा."

सासरेबुवांनी लोंदा नाकापासून दूर धरला.

"माझ्या मनात?" ते म्हणाले. "मला काय ठाऊक रे, कुठला असतो ते."

"म्हणजे?"

"मला जवळचं दिसत नाही. तरुणपणापासून नाही. असला बारीक गळ मी आयुष्यात बांधलेला नाही. हार्लन बांधायचा, मी पाण्यात सोडायचो. एकदा विचारलं, काय लावलंयस. म्हणाला, तू बस." त्यांनी खिसा चाचपला. "डबा म्हणून तर त्याच्याजवळ दिला. माझ्या काय कामाचा?"

"मग तुम्ही काहीही चालेल म्हणालात ते..."

"काहीही चालेल म्हणजे काहीही चालेल. अजून कसं सांगतात?"

एक्केचाळीस वर्षं गाव ज्या गुपितासाठी झुरलं ते या माणसाला ठाऊकच नव्हतं. आणि आमच्या पंचक्रोशीत हे शब्द खरे धरून बोलणारा एकच माणूस निघाला, तोही नेमका माझा सासरा.

त्यांनी कोपऱ्यातली "विकणे आहे"ची पाटी ओढली, मांडीवर आडवी घेतली, तिच्यावर लोंदा ठेवला आणि खिशातल्या चाकूने त्याची एक चकती कापली. मग चकतीची दोऱ्याएवढी पट्टी. हाताने चाचपत, न बघता. आतून एक जिग निघाला, तो माझ्या तळहातावर ठेवला. कितवा होता देव जाणे. चिठ्ठ्या गेल्या होत्या. माझी बोटं गारठलेली, दोरा केसासारखा. पहिली गाठ सुटली. दुसरी, तिसरी सुटली. चौथ्या वेळी जिग बर्फात पडला आणि मी गुडघ्यावर बसून शोधला.  पाचव्या गाठीला ते म्हणाले, "हार्लनलाही वेळ लागायचा." सहावी बसली.

गळ खाली गेला. आम्ही काठीच्या टोकाकडे बघत राहिलो. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मला डोळ्यांपुढे आमची खिडकी दिसत होती, ती खुर्ची दिसत होती. मासे हुंगून जात असणार. या वासाला कोण तोंड लावील? माझीच छाती एवढी धडधडत होती की मला वाटलं, ती बर्फातून खाली ऐकू जात असेल.

टोक हललं. केसभरच.

सासरेबुवांना ते दिसलं नव्हतं. दिसणार कसं?

"बाबा!" मी ओरडलो. "बाबा, ओढा!"

त्यांनी ओढलं. भोकातून एक ब्लूगिल आला, तळहाताहून मोठा, छाती केशरी, ओठात आमची कळकट पट्टी. बर्फावर आपटून तो ताडताड उडाला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला, चेहऱ्यापासून लांब नेऊन नीट पाहिला आणि खाली ठेवला.

"ओरडू नकोस," ते म्हणाले. "मासे ऐकतात." मिशी ओली झाली होती. ती त्यांनी पुसली आणि म्हणाले, "अजून एक काप."

अर्ध्या तासात सात निघाले. आठव्याला बाहेर बर्फ करकरला. बाबांनी डोळ्याचं पातं लवायच्या आत गळ वर ओढून मुठीत घेतला, लोंदा कोटात घातला आणि पाटी उलटी केली. इतकी चपळाई मी त्यांच्यात कधी पाहिली नव्हती. दार उघडलं. ड्वेन.

"बरे लागतायत की!" तो माशांच्या ढिगाकडे बघत म्हणाला. "कशावर?"

"थोडं हे, थोडं ते," बाबा म्हणाले.

ते शब्दशः खरं होतं. ड्वेनने माझ्याकडे पाहिलं. "कर्टिस, आपण शेजारी आहोत."

"काहीही चालतंय त्यांना," मी म्हणालो. हेही खरं होतं.

ड्वेनने नाक वर केलं, दोनदा हुंगलं. "लसूण," तो स्वतःशी म्हणाला. "म्हणजे गुलाबीच." आणि दार लावून समाधानाने निघून गेला.

बाबांचे खांदे हलत होते. मी घाबरलो, मग कळलं की ते हसताहेत. आवाज येत नव्हता. हसता हसता त्यांची नजर समोर गेली, त्या बादलीवर, आणि ते थांबले.  मी दारापाशी उभा होतो, काय करावं ते न कळून.

"उभा किती राहशील," ते म्हणाले. "बस."

"नको, मी ठीक आहे."

त्यांनी माझ्या हातात दुसरी काठी दिली. "बस म्हटलं तर."

"नको नको. खरंच."

बाबांनी पाय लांब केला आणि बादली बुटाने माझ्याकडे सरकवली. बर्फावर ती खरखरत आली. "कर्टिस. बसतोस का?"

तिसऱ्यांदा विचारलं होतं. मी बसलो.

दुपारपर्यंत आम्ही एक शब्द बोललो नाही. मी बांधायचो, ते सोडायचे. शेवटी मी म्हणालो, "बाबा, उद्या तो दंतवैद्य येणार आहे."

"फोन कर त्याला. सांग, खोपटं बर्फात रुतलंय. मार्चशिवाय निघत नाही."

"आणि मार्चनंतर?"

त्यांनी मांडीवरच्या पाटीकडे पाहिलं. चाकूच्या घावांनी तिच्यावरचं एकही अक्षर धड राहिलं नव्हतं, आणि लसणाचा वास तर लाकडात मुरला होता. "ही आता कुठे लावता येणार," ते म्हणाले. मग त्यांनी लोंदा रुमालात गुंडाळला. बघता बघता आम्ही तो जवळजवळ संपवला होता. लिंबाएवढा उरला होता.

"पुढच्या शनिवारी येताना आण," ते म्हणाले.

"काय आणू?"

"काहीही चालेल," बाबा म्हणाले. पण म्हणताना ते रुमालाकडे बघत होते, आणि त्यांनी तो हळूच एकदा हुंगला.

 हार्लनच्या बादलीवर बसल्या बसल्या मी वर्नाची पाच पाकिटं, पाद्रीबाईंची गुलाबी, पांढरी, जांभळी, सगळ्यांची उजळणी सुरू केली, आणि गुरुवारी संध्याकाळपासून शनिवारी सकाळी सातपर्यंत तो डबा त्या जाळीवर नेमका किती तास होता, ते बोटांवर मोजू लागलो.